दुकानात न मिळणारं काडतूस

बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा, हातात एडब्ल्यूएम आली तर आधी काय बघायचं? गोळ्या किती उरल्यात ते. ती बंदूक भारी आहे, एका शॉटमध्ये समोरचा आडवा. पण तिच्या गोळ्या इमारतीत पडलेल्या मिळत नाहीत, विमानातून पडणाऱ्या ड्रॉपमध्ये मिळतात. मोजून वीस-बावीस. त्या संपल्या की जगातली सगळ्यात भारी बंदूक म्हणजे पाठीवरचं ओझं. मग आपण गुपचूप ती टाकून परत ५.५६वाली उचलतो.

गेममधला हा सीन खऱ्या जगात शंभर-सव्वाशे वर्षं चालू आहे. काही माणसं मुद्दाम अशी रायफल बनवून घेतात, जिचं काडतूस दुकानात मिळत नाही. पैसे जास्त, वेळ जास्त, कटकट जास्त. तरी घेतात. का घेतात, हे शोधायला बसले तेव्हा वाटलं होतं की बुलेटला वेगळा सायलेन्सर लावणाऱ्यांसारखंच काहीतरी असेल. थोडं तसं आहेच. पण पुढे वाचत गेले तशी गोष्ट कुमाऊँच्या डोंगरात पोचली, तिथून बंगालमधल्या असंतोषात, आणि तिथून आपल्या मुंबईत.

आधी थोडं बेसिक. आपण सरसकट ‘गोळी’ म्हणतो ती वस्तू असते काडतूस. त्यात चार गोष्टी: पितळेची नळकांडी, म्हणजे केस, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली खरी गोळी. बाहेर उडते ती फक्त गोळी. केस मागे राहते. रायफलच्या नळीचा मागचा भाग, ज्यात काडतूस बसतं, तो केसच्या मापाने कोरलेला असतो. इंचाच्या काही हजाराव्या भागाइतकाच फरक चालतो. म्हणजे रायफल आणि काडतूस हे कुलूप-किल्लीचं नातं. एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला लागत नाही, आणि चुकून लागलीच तर ते जास्त धोकादायक, कारण स्फोट तुमच्या गालाजवळ होत असतो.

आता नावांचा गोंधळ बघा. .२७५ रिग्बी नावाचं एक काडतूस आहे. त्याच्या गोळीचा व्यास .२७५ इंच असेल असं तुम्हाला वाटेल. नाही. तो आहे .२८४ इंच. नळीच्या आतल्या उंचवट्यांमधलं अंतर सात मिलिमीटर, म्हणजे साधारण .२७५ इंच, आणि ब्रिटिशांनी तो आकडा उचलला. मुळात हे काडतूसही त्यांचं नव्हतंच. जर्मनीच्या माउझरने १८९२ मध्ये तयार केलेलं, स्पेनच्या सैन्याने १८९३ मध्ये स्वीकारलेलं ७ बाय ५७ माउझर. १८९८ मध्ये क्यूबात अमेरिकन सैन्याने त्याचा मार खाल्ला आणि लगेच पुढच्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांकडून ब्रिटिशांनी. तरीही लंडनच्या जॉन रिग्बी अँड कंपनीने हेच काडतूस घेतलं, इंचातलं इंग्रजी नाव दिलं आणि साहेब लोकांना विकलं. ज्या काडतुसाने आपली माणसं मारली तेच नाव बदलून शिकारीला. मार्केटिंग तेव्हाही जोरात होतं.

ही .२७५ रिग्बी आपल्या ओळखीची आहे, फक्त आपण तिला नावाने ओळखत नाही. ती जिम कॉर्बेटची रायफल.

कॉर्बेटची पुस्तकं मराठी घरांमध्ये अनुवादातून पोचली आहेत, शाळेच्या सुट्टीत अनेकांनी वाचली असतील. चंपावतची वाघीण आठवतेय? नेपाळात दोनशे आणि कुमाऊँमध्ये त्याहून जास्त, मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. १९०७ मध्ये कॉर्बेटने तिला मारलं. गंमत अशी की ती या .२७५ने मारलेली नाही. त्या दिवशी त्याच्या हातात .५००ची जड रायफल होती आणि सोबत काडतुसं होती फक्त तीन. २९८ माणसांचा हाकारा झाला, वाघीण समोर आली, तिन्ही काडतुसं झाडली गेली आणि ती अजून उभी. शेवटी कॉर्बेट धावत जाऊन तहसीलदाराची बंदूक घेऊन आला आणि तिने काम झालं. म्हणजे गेममधल्या एडब्ल्यूएमसारखीच गत. भारी रायफल, गोळ्या संपलेल्या.

.२७५ त्याला मिळाली ती या कामगिरीचं बक्षीस म्हणून. संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे, तिच्यावर कॉर्बेटचं नाव, ह्युएटचं नाव आणि चंपावतचा उल्लेख कोरलेला आहे. त्याच समारंभात तहसीलदाराला बंदूक आणि पटवाऱ्याला सुरी मिळाली. सरकारी बक्षिसांची उतरंड तेव्हाही व्यवस्थित होती.

पुढची पंचवीस-तीस वर्षं ही हलकी रायफल कॉर्बेटबरोबर डोंगर चढली-उतरली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या, ज्याच्या नावावर सरकारी नोंदीत १२५ माणसं होती, तो याच रायफलने पडला. आंब्याच्या झाडावर बसून, रायफलला टॉर्च बांधून. आणि १९३० मधली चौगढची वाघीण तर कहर. कॉर्बेटच्या डाव्या हातात एका पक्ष्याची दोन अंडी होती, घरट्यातून गोळा केलेली. एक मोठा खडक ओलांडून त्याने मागे मान वळवली तर आठ फुटांवर वाघीण. अंडी धरलेला हात वापरता येईना. मग एका हाताने, अगदी सावकाश, तिला कळू न देता रायफल वळवत आणली आणि चाप ओढला. काम झाल्यावर तो परत गेला आणि अंडी घरट्यात ठेवून आला. .५००ची दुनळी असती तर एका हाताने हे शक्यच नव्हतं. रायफलच्या जगात ‘मोठं म्हणजे चांगलं’ हे गणित कुठे चुकतं, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलं नाही.

.२७५चा दुसरा प्रसिद्ध मालक डब्ल्यू. डी. एम. बेल, स्कॉटिश माणूस. त्याने आफ्रिकेत हजाराहून जास्त हत्ती मारले, त्यातले बरेच या छोट्या काडतुसाने. हत्तीची कवटी उभी कापून मेंदू नेमका कुठे असतो ते त्याने शिकून घेतलं होतं. त्याचा नेम आणि अभ्यास मानावाच लागेल. पण हस्तिदंतासाठी हजार हत्ती, हे वाचून कौतुक करायला माझी जीभ वळत नाही. बंदुकांच्या पुस्तकांमध्ये त्याला हिरो म्हणून लिहितात. असो.

आता कायद्याकडे येऊ, कारण विचित्र मापाच्या काडतुसांचा खरा बाप कायदा आहे. तोही भारतातला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठ्या शिकारीसाठी .४५० मापाच्या रायफली फॉर्मात होत्या. तेव्हा बंगालमध्ये असंतोष पेटलेला. लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली .४५०च्याच, आणि त्यातल्या कित्येक नको त्यांच्या हातात गेलेल्या. सरकारला भीती अशी की शिकारीच्या नावाखाली आलेल्या गोळ्या वापरून कुणीतरी आपल्यावरच बार काढेल. म्हणून १९०७च्या आसपास भारतात आणि सुदानमध्ये .४५०वर बंदी आली. झालं. लंडनच्या बंदूकवाल्यांची सगळ्यात मोठी गिऱ्हाइकं, म्हणजे राजे-महाराजे आणि साहेब, हातची जाणार. मग प्रत्येकाने बंदीच्या आकड्याला बगल देऊन आपापलं माप काढलं. .४६५, .४७०, .४७५, .४७६. काम तेच, आकडा वेगळा. आज .४७० नायट्रो एक्स्प्रेस हे आफ्रिकेतल्या मोठ्या शिकारीचं नावाजलेलं काडतूस आहे. त्याचा जन्म आपल्याकडच्या सरकारी भीतीतून झाला, हे तिथल्या किती जणांना माहीत असेल!

तीच गोष्ट .३१५ची. लष्कराची .३०३ लोकांच्या हातात नको, म्हणून भारतात ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मानलिखर काडतुसाचा .३१५ हा अवतार रुजला. ईशापूरच्या रायफल फॅक्टरीची .३१५ स्पोर्टिंग रायफल आजही आपल्याकडे परवान्यावर मिळते. आपल्यासाठी ती अगदी कॉमन. अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या दुकानात जाऊन .३१५चं काडतूस मागितलं तर दुकानदार डोकं खाजवेल. ‘दुर्मीळ’ हा शब्द तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतो.

पण स्वतःहून दुर्मीळ काडतूस तयार करायचं, कुठल्याही कायद्याने भाग पाडलेलं नसताना, हा नाद अमेरिकनांचा. त्याला म्हणतात ‘वाइल्डकॅट’. कारखान्यात बनणारी केस घ्यायची. तिची मान आवळायची किंवा फुगवायची, खांदा बदलायचा, आणि त्या नव्या मापाची नळी कोरून घ्यायची. या नादाचा देव म्हणजे पार्कर ओटो अॅकली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा माणूस कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड नावाच्या छोट्या गावात आला आणि तिथल्या ज्युनिअर कॉलेजात बंदुका घडवायला शिकवू लागला. हो, कॉलेजात. लेथ, फायली, लाकूडकाम आणि बंदूक. आपल्याकडे आयटीआयमध्ये फिटर-टर्नर असतो तसा कोर्स.

अॅकलीची युक्ती साधी होती. केसचा उतरता खांदा त्याने ४० अंशांचा तीव्र केला आणि अंगाचा निमुळतेपणा कमी केला. आत जागा वाढली, दारू थोडी जास्त बसू लागली. त्याच्या नव्या मापाच्या नळीत जुनं, कारखान्याचं काडतूस घालून झाडलं की दाबाने केस फुगून नवा आकार घेते. इडलीपात्रात पीठ बसतं तशी. पुढच्या वेळी हीच केस परत भरायची. .२८० रेमिंग्टनचं अॅकलीने केलेलं रूप आज शिकाऱ्यांमध्ये लोकप्रिय आहे. फायदा किती? सेकंदाला शंभरेक फूट जास्त वेग. तीन हजार फुटांच्या आसपासच्या वेगात शंभर. खरं सांगायचं तर हरणाला त्यातला फरक कळत नाही.

अॅकलीला हे माहीत नव्हतं असं नाही. त्याने स्वतः जपानी आणि इतर लष्करी रायफली मुद्दाम जास्त दारू भरून फोडून बघितल्या होत्या, कोणती किती सोसते ते तपासायला. मजेत त्याने एक काडतूस असंही केलं, ज्याचं नाव ‘.२२ इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’. खोटं जर्मन, अर्थ साधारण ‘कानठळ्या बसवणारं धडामधूम’. हत्तीसाठीच्या भल्यामोठ्या केसची मान आवळून तोंडाशी .२२ची एवढीशी गोळी. सेकंदाला पाच हजार फूट वेग गाठायचा होता. गाठला नाही, अंतर थोडं कमीच पडलं. कामाचं काडतूस म्हणून शून्य. पण इंजिनिअरिंगच्या पोरांनी टेकफेस्टला केलेल्या प्रोजेक्टसारखं ते वाटतं मला, आणि म्हणूनच आवडतं.

अशी रायफल घ्यायची म्हणजे काय? ती शोरूममधून येत नाही. अॅक्शन, म्हणजे मागचं बंद-उघड होणारं यंत्र, एकीकडून. नळी दुसरीकडून. तुमच्या मापाचं रीमर, म्हणजे काडतुसाची जागा कोरणारं हत्यार, कारागिराकडे असेल तर ठीक, नाहीतर भाड्याने आणायचं किंवा घडवून घ्यायचं. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा, तुमच्या हाताच्या लांबीचा. मग केस आकारात आणायच्या डाय, दारू तोलायचा काटा. हा काटा ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो. एक ग्रेन म्हणजे साधारण ०.०६५ ग्रॅम. सोनाराच्या काट्याला लाज वाटावी असं काम. हिवाळ्याच्या संध्याकाळी घरच्या टेबलावर बसून वीस काडतुसं भरायची, आणि त्यातली दोन-तीनच खऱ्या शिकारीत वापरली जाणार. बाकी सगळी नेम पक्का करण्यात जातात.

धोकाही घरातच. अशा केसच्या बुडावर छापलेलं नाव जुन्याच काडतुसाचं असतं, कारण केस मुळात तीच. डबीवर नीट लिहून ठेवलं नाही तर पाच वर्षांनी स्वतःलाच कळणार नाही आत काय आहे. म्हाताऱ्या मालकाच्या पश्चात ती रायफल आणि तो डबा नातवाच्या हाती गेला तर? कंपन्याही या भीतीने वागतात. रेमिंग्टनने १९५७ मध्ये .२८० काढलं तेव्हा त्याचा खांदा मुद्दाम थोडा पुढे ठेवला, म्हणजे ते .२७० विंचेस्टरच्या रायफलीत बसूच नये. पुढे खप होईना म्हणून १९७९ मध्ये नाव बदलून ‘७ एमएम एक्स्प्रेस’ केलं. लोक ते त्यांच्याच ‘७ एमएम मॅग्नम’शी गोंधळायला लागले. दोन वर्षांत परत .२८०. कॉलेजच्या फेस्टचं नाव दरवर्षी बदलणाऱ्या कमिट्यांनी हे वाचावं.

शिकारीच्या गावी पोचल्यावरची गंमत तर वेगळीच. विमानाने रायफल आली, काडतुसांची बॅग दुसऱ्या शहरात उतरली. गावातल्या एकुलत्या दुकानात .३०-०६ आणि .२७०ची खोकी रचलेली. तुमचं? नाही. म्हणून अनुभवी शिकारी सांगतात, एक साधी रायफल सोबत ठेवा. म्हणजे कस्टम रायफल मिरवायला आणि .३०-०६ कामाला.

तिथे शिकार म्हणजे मनाला येईल तेव्हा जंगलात घुसणं नाही, हेही कळलं. कोलोरॅडोत एल्क मारायचा असेल तर टॅग लागतो, त्यातले बरेच लॉटरीने मिळतात, कधी कधी वर्षानुवर्षं नंबर लागत नाही. काडतुसावरही अटी आहेत: व्यास किमान .२४ इंच, एल्कसाठी गोळी किमान ८५ ग्रेनची, शंभर यार्डांवर ठरावीक ताकद उरलेली हवी. अंगावर ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कापड. प्राणी मारून मांस टाकून दिलं तर गुन्हा. आणि १९३७ पासून अमेरिकेत रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के केंद्रीय कर आहे, तो वन्यजीवांच्या कामाला जातो. शिकार बरी की वाईट हा वाद बाजूला ठेवला तरी हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही. मला शिकार आवडत नाही, पण ‘शिकारी म्हणजे जंगलाचा शत्रू’ हे वाक्य मी आता इतक्या सहज लिहिणार नाही.

एका बाबतीत मात्र माझं मत पक्कं झालं. विचित्र काडतूस घेणाऱ्याने जास्त नेमबाजी करायला हवी, पण काडतूस महाग आणि दुर्मीळ असल्याने तो कमी करतो. इथेच सगळा घोळ. कारण जखमी होऊन पळालेला प्राणी हा शिकारीतला खरा गुन्हा. आणि त्याची किंमत कोण मोजतं ते बघायला परत चंपावतला जावं लागतं. ती वाघीण मेल्यावर कॉर्बेटने तिचा जबडा तपासला. उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले. वरचा अर्धा, खालचा पार हाडापर्यंत. जुन्या गोळीची जखम. त्यामुळे तिला सांबर, चितळ धरता येईना आणि ती माणसांकडे वळली. कुणीतरी, कधीतरी, कुठल्यातरी बंदुकीने एक वाईट गोळी झाडली आणि घरी गेला. त्यानंतर ४३६ माणसं. गवत कापायला गेलेल्या बायका, लाकडं गोळा करणाऱ्या मुली. त्या गोळी झाडणाऱ्याचं काडतूस कुठलं होतं याने काहीच फरक पडत नाही. .२७५ असो, .५०० असो की ठासणीची बंदूक, गोळी कुठे लागली एवढंच त्या जबड्यात उरलं होतं.

आपल्याकडे आता यातलं बरंचसं इतिहासजमा आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपली. माणसांच्या जिवावर उठलेल्या प्राण्याला मारायची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, आणि ती दिली की काय वादळ उठतं ते यवतमाळने २०१८ मध्ये पाहिलं. पांढरकवड्याच्या बाजूची ‘अवनी’, म्हणजे टी-१ वाघीण, १३ जणांच्या मृत्यूचा ठपका असलेली. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला गोळी घातली गेली आणि आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न खरंच झाला होता का, यावर महिनोन् महिने वाद झाला. गावातल्या लोकांनी फटाके फोडले, शहरात मोर्चे निघाले. दोन्ही बाजूंना आपापली बाजू बरोबरच वाटत होती.

परवान्याचं म्हणाल तर १९५९चा शस्त्र कायदा, २०१६चे नियम. २०१९ पासून एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका. .३०३सारखी लष्करी मापं सामान्यांना वर्ज्य. परदेशी बंदुकांची खासगी आयात १९८०च्या दशकापासून जवळपास बंद. म्हणून जुन्या संस्थानी घरांमध्ये .२७५, .४७०सारख्या रायफली वारशाने आल्या तरी काडतुसांची बोंब. कुलूप आहे, किल्ली नाही.

माझ्या मामाकडे सिंधुदुर्गात शेतीच्या रक्षणासाठी घेतलेली बाराबोर आहे. रानडुकरं भात लोळवतात म्हणून आजोबांच्या वेळेपासूनचा परवाना. या लेखासाठी मी त्याला फोन केला, “मामा, तुला कधी वेगळी, स्पेशल रायफल घ्यावीशी वाटली नाही का?” तो हसला. “अगं, आहे ती दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करायची आणि परत आणायची, यातच जीव जातो. स्पेशल कुठली घेतेस!” परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घ्यायची तेही लिहिलेलं असतं. बहुतेक वर्षी तो निम्मीही घेत नाही. डुकरं हाकलायला फटाके स्वस्त पडतात.

रायफलची आवड असलेल्यांना आपल्याकडे उघडा रस्ता आहे तो रेंजचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ जिंकलं. तिथे वापरतात ते .२२ लाँग रायफल, जगातलं सगळ्यात कॉमन काडतूस. पण त्या पातळीवर नेमबाज एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या लॉटच्या गोळ्या तपासून, आपल्या नळीला कोणता लॉट मानवतो ते शोधून घेतात. म्हणजे कॉमनमध्येही आपलं खास काही शोधायची खोड सुटत नाहीच.

आणि कॉर्बेटची रायफल? त्याचं ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झालं ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेकडून. हे मला माहीत नव्हतं. कुमाऊँची गोष्ट जगभर गेली ती मुंबईमार्गे. १९४७ नंतर कॉर्बेट केनियाला गेला, १९५५ मध्ये तिथेच वारला. .२७५ त्याच्या प्रकाशकाकडे, ऑक्सफर्ड प्रेसकडे राहिली. अनेक वर्षं ती तिथेच होती, मग जिने बनवली त्या रिग्बी कंपनीनेच ती परत मिळवली. २०१६ मध्ये कंपनीची माणसं तिला घेऊन भारतात आली, कॉर्बेटच्या जुन्या मुलखात. पुढच्या वर्षी रिग्बीने ‘हायलँड स्टॉकर’ नावाची नवी रायफल बाजारात आणली आणि ती पुन्हा .२७५मध्ये दिली. खोक्यावर आणि केसच्या बुडावर ‘.२७५ रिग्बी’ छापलेली काडतुसंही परत मिळू लागली. आत तेच, १८९२चं ७ बाय ५७. साध्या नावाने घेतलं तर ते थोडं स्वस्तात मिळतं, पण .२७५वाल्यांना ते नको असतं.